ऐश्वर्याच्या लग्नाचा केक

वर्तकनगर, ठाणे
१२ जानेवारी

अहो,

सप्रेम नमस्कार. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून कागद घेतला. विश्रामभाऊंना फोन केला होता. ते म्हणाले, दादा बरे आहेत, सकाळी मोहोर बघत आगरात फिरतात, जेवायला आमच्याकडेच असतात. आपलं गावचं घर बंद असताना चुलतभाऊ शेजारी आहे हे किती बरं, असं त्या दिवशी वाटलं. बीपीच्या गोळ्या तुम्ही फ्रिजवरच विसरलात. सोबत पाठवतेय. रात्री जेवणानंतरची पांढरी, चुकवू नका.

तुम्ही ज्या रागाने बॅग भरलीत, त्याबद्दल मला काही लिहायचं नव्हतं. पण लिहिल्याशिवाय चैनही पडत नाही.

ऐश्वर्या पत्रिका घेऊन आली तेव्हा तुम्ही उठून आत गेलात, ते मी समजू शकते. आपल्या सलिलने जिच्या बोटात अंगठी घातली, तिच्या पत्रिकेवर दुसऱ्याच मुलाचं नाव वाचायचं. मलाही ते दोनदा वाचावं लागलं. रत्नदीप. नाव छान आहे, असं काहीतरी मी म्हणाले. ती मान खाली घालून बसलेली. येत्या मे महिन्यात सलिलला जाऊन तीन वर्षं होतील. इतके दिवस ती पोर आपल्याकडे येत राहिली, तुमचे डोळ्यांचे ड्रॉप्स आणत राहिली, माझ्या गुडघ्यांना तेल लावत राहिली. लग्न झालं असतं तर सुनेने केलं असतं त्याहून जास्तच केलं तिने. आता तिशीला आली. तिच्या आईने, विमलताईंनी, पोळी-भाजी केंद्रात उभं राहून तिला शिकवलं. त्यांच्या डोळ्यांसमोर मुलीचं घर होऊ नये का?

केकचं तिने मागितलं नव्हतं. हे तुम्हाला नीट माहीत नाही, कारण तुम्ही आतल्या खोलीत होता. मीच विचारलं, रिसेप्शनला काय काय आहे. तर म्हणाली, रजिस्टर लग्न, मग डोंबिवलीत एक छोटा हॉल, पुलाव आणि गुलाबजाम. खर्च ती आणि रत्नदीप दोघं मिळून करतायत, विमलताईंवर काही टाकायचं नाही म्हणून. मग मोबाइलमध्ये तिने एक फोटो दाखवला. तीन मजली पांढरा केक, कडेने खरी फुलं. घोडबंदर रोडच्या एका केकवाल्याने सांगितलेला आकडा तिच्या महिन्याच्या पगाराच्या वर होता. हसून म्हणाली, "आई, अर्धा किलोचा घेऊ नि वर दोन गुलाब ठेवू. कोण बघतंय." आणि फोटो बंद केला. पण बंद करायच्या आधी दोन बोटांनी मोठा करून एकदा बघितला. ते मी पाहिलं.

मी म्हणाले, मी करते.

अहो, सोसायटीतल्या अर्ध्या पोरांच्या वाढदिवसांचे केक मी करते. या मुलीला नाही कसं म्हणणार होते? तुम्ही दारात येऊन म्हणालात, "माझ्या मुलाच्या बायकोच्या लग्नाचा केक माझ्या स्वयंपाकघरात होणार नाही." ती बिचारी चप्पल घालत होती. तिने ऐकलं. जिना उतरताना तिने कठड्याला धरलेलं.

तुम्ही दुसऱ्या दिवशी गेलात. मी अडवलं नाही. मी अडवेपर्यंत तुम्ही तरी कुठे थांबला होता.

गोळ्या घ्या.

तुमची,
हेमा


वर्तकनगर
२८ जानेवारी

अहो,

सप्रेम नमस्कार. गोळ्या मिळाल्याचं विश्रामभाऊंनी कळवलं. तुम्ही कळवलं असतंत तर जास्त आवडलं असतं. असो.

इकडे पाण्याची वेळ बदलली आहे. सकाळी लवकर येतं. तुमची पेन्शनची पावती टपालात आली, ड्रॉवरमध्ये ठेवली आहे.

केकचं जमवतेय. तुम्हाला वाचायचं नसेल तर इथेच थांबा.

आपला ओव्हन लहान. त्यात तीन मजल्यांचा खालचा घेर बसायचाच नाही, आणि बसला तरी एवढं लोणी, चॉकलेट, क्रीम कुठून आणायचं. मग मी यूट्यूबवर शोधत बसले आणि एक युक्ती सापडली. खालचे दोन मजले थर्माकोलचे करायचे. त्यांना क्रीमचा पातळ थर द्यायचा, तो सुकला की वरून जाड थर. फुलं लावली की कोणाच्या बापाला कळत नाही. वरचा एकच मजला खरा, नवरानवरी कापतील तेवढा. आणि पाहुण्यांसाठी साधे चौकोनी केक घरून करून न्यायचे, हॉलच्या स्वयंपाकघरात तुकडे करून वाटायचे. ऐश्वर्याला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे फोटोतल्यासारखा दिसेल?" मी म्हटलं, त्याहून चांगला दिसेल. फुलं ती आणि विमलताई कल्याणच्या फूल मार्केटमधून आणणार. पांढरी शेवंती आणि निशिगंध. परदेशी फुलं कशाला हवीत.

जांभळी नाक्याला केकचं सामान मिळतं त्या दुकानात थर्माकोलचे गोल आणायला गेले होते. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "काकू, एवढे मोठे? कोणाचं काय?" म्हटलं, लग्न आहे. "अरे वा. मुलाचं की मुलीचं?"

मी म्हणाले, मुलीचं.

रिक्षात ते गोल मांडीवर घेऊन बसले आणि मग मला जे व्हायचं ते झालं. रिक्षावाल्याने आरशात बघितलं आणि रेडिओ बंद केला.

परवा दुपारी पहिला नमुना केला. अंड्याविना, दही घालून, कारण रत्नदीपच्या घरी माळकरी आहेत. छान फुगला. वरचा फुगीर भाग सुरीने कापून सपाट केला आणि तो कापलेला भाग नेहमीसारखा स्टीलच्या ताटलीत काढून ओट्याच्या कडेला ठेवला. कोणी येऊन उचलणार होतं का? पण हाताला सवय आहे. सलिल ऑफिसवरून आला की बूट काढायच्या आधी ओट्याशी यायचा, उभ्याने खायचा, आणि तुम्ही बाहेरून ओरडायचात, हात धू आधी. संध्याकाळपर्यंत ताटली तिथेच होती. मुंग्या लागल्या.

नमुना मी वॉचमनच्या घरी दिला. त्याच्या मुलीला आवडला म्हणे.

घर फार शांत आहे हो.

तुमची,
हेमा


वर्तकनगर
११ फेब्रुवारी

अहो,

काल विश्रामभाऊंचा फोन आला. चाचरत म्हणाले, "वहिनी, दादा म्हणतायत, पत्रं पाठवू नका. केकबिकचं त्यांना वाचवत नाही." त्यांना किती ओशाळं झालं असेल. तुमचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची वेळ आणलीत माझ्यावर. पस्तीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा.

तर हे पत्र नमस्काराशिवाय. फाडायचं असेल तर फाडा, पण वाचून.

तुम्ही तिच्यावर का रागावलात हे मला माहीत आहे. आणि तो राग पत्रिकेवरचा नाही, तो जुना आहे. तेराव्याला तुम्ही माझ्या भावाशी बोलत होता ते मी ऐकलेलं. तुम्ही म्हणालात, "तिला भेटायला डोंबिवलीला गेला नसता तर आज असता." मी तेव्हा काही बोलले नाही. तुम्हाला कोणावर तरी रागावायची गरज होती. ट्रकवाला सापडला नाही, रस्त्यावर रागावून काय करणार, मग ती होती. मला वाटलं, हळूहळू ओसरेल. ती घरी येत राहिली, तुम्ही तिच्या हातचा चहा घेत राहिलात, मला वाटलं ओसरलं.

आता ऐका. त्या दिवशी तिने त्याला बोलावलं नव्हतं. आणि बोलावलं असतं तरी काय. सत्तावीस वर्षांचा मुलगा, लग्न ठरलेलं, बाइक काढून मुलीला भेटायला जाणार नाही तर कुठे जाणार? त्या दिवशी तो शिट्टी वाजवत जिना उतरला. तुम्हीच पेपरमधून डोकं काढून म्हणालात, "आज स्वारी खुशीत दिसतेय." आठवतं? ती खुशी त्याला कोणी दिलेली? शीळफाट्यापर्यंतचा तो सगळा रस्ता तो खुशीत गेला. आपल्याला त्याचं शेवटचं एवढंच काय ते चांगलं ठाऊक आहे, आणि ते त्या मुलीमुळे आहे. तुम्हाला तिला शिव्या द्यायच्या असतील तर द्या. पण तेवढं तिच्या बाजूने धरा.

तुम्हाला वाटतं मी विसरले. मी केक करतेय म्हणजे माझं दुःख संपलं. तुम्ही गावी जाऊन त्याच्या लहानपणच्या खोलीत बसू शकता. मी इथे आहे. रोज संध्याकाळी सातला लिफ्टचं दार वाजतं आणि माझे कान उभे राहतात. शेजारचे असतात.

रिसेप्शन २३ तारखेला, रविवारी संध्याकाळी. या असं म्हणत नाही.

हेमा


वर्तकनगर
३ मार्च

अहो,

सप्रेम नमस्कार.

परवा तुमचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. नाव बघून आधी वाटलं, तुम्हाला काही झालं आणि विश्रामभाऊ तुमच्या फोनवरून बोलतायत. "हॅलो" म्हटलं तर पलीकडे तुम्ही खाकरलात. मग म्हणालात, "जमलं का सगळं?" मी "हो" म्हणाले. तुम्ही "बरं" म्हणालात आणि ठेवलात.

जमलं का हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहितेय. आता तुम्हीच विचारलंय, तेव्हा पूर्ण वाचा.

लग्न आदल्या शुक्रवारी रजिस्टर झालं. रविवारी दुपारी त्यांचा कोणी मित्र टेम्पो घेऊन केक न्यायला येणार होता, तो ऐनवेळी अडकला. तर कोणाची तरी गाडी मागून स्वतः रत्नदीपच आला. नवरामुलगा. हळद अजून हातावर होती. दारात उभा राहून म्हणाला, "काकू, आत येऊ का?" त्याला मी पहिल्यांदाच पाहत होते. सलिलसारखा मुळीच नाही. ठेंगणा, गोल चेहरा, चष्मा. मला त्याचा राग यावा असं फार वाटत होतं, मी तयारीत होते. पण त्याने आत येऊन आधी हात धुतले, मग विचारलं, कुठून धरू, आणि ते दोन थर्माकोलचे मजले अशा जपणुकीने जिन्यावरून उतरवले की मला त्याला सांगावं लागलं, अरे, ते खोटे आहेत, पडले तरी चालतील. तो म्हणाला, "ऐश्वर्याने सांगितलंय. तरी पण."

खोटे डिकीत ठेवले. खरा वरचा केक खोक्यात, माझ्या मांडीवर. चौकोनी केक मागच्या सीटवर. एसी पूर्ण लावला. यंदा फेब्रुवारीतच काय ऊन पडलंय, तिकडेही असेल.

मी त्याला आधीच सांगितलेलं, माणकोलीच्या नव्या पुलावरून चल. का, ते सांगितलं नाही. तो म्हणाला, हो काकू, तसंच ठरवलंय. पण माजिवड्याच्या पुढे गेलो तर नाशिक हायवेवर गाड्या जागच्या हलेनात. कुठे तरी पुढे कंटेनर उलटलेला. त्याने मोबाइल बघितला, सगळा रस्ता लाल. बाहेर ऊन, एसी चालू असून खोक्याच्या आतलं क्रीम मला दिसत होतं, कडेला चमकायला लागलेलं. चमकायला लागलं की ते सुटणार हे मला कळतं. तो स्टेअरिंगवर बोटं वाजवत बसलेला. त्याच्या मनात काय आहे ते मला दिसत होतं, पण तो म्हणणार नव्हता.

मग मीच म्हणाले, "वळव गाडी. शीळफाट्यावरून जाऊ."

"नक्की, काकू?"

"केक नाही टिकणार रे."

तीन वर्षांत मी त्या रस्त्याने गेले नाही. नवी मुंबईला तुमच्या बहिणीकडे जायचं तरी आपण ऐरोलीवरूनच जातो, तुम्हाला माहीत आहे. मुंब्रा बायपास संपला तसा त्याने गाडीतलं गाणं बंद केलं. हळू आवाजात म्हणाला, "काकू, हवं तर डोळे मिटून घ्या. पुढे गेलो की मी सांगतो." म्हणजे त्याला जागा माहीत होती. ऐश्वर्याने त्याला ती दाखवली होती, लग्नाचं ठरायच्याही आधी. म्हणालेली, हे बघ, आणि मग ठरव.

मी डोळे मिटले नाहीत.

तिथे काहीच नाही हो. सिग्नलला गाडी थांबली, अगदी तिथेच. एक नारळपाणीवाला बसलाय. बाजूला टायरचं दुकान. एक बाई पोराला कडेवर घेऊन रस्ता ओलांडायला थांबलेली, तिच्या हातात मेथीची जुडी. एवढंच. मला वाटलेलं, काहीतरी असेल. इतकं काहीच नव्हतं की मला त्याचाच संताप आला. रत्नदीपने विचारलं, "थांबवू का बाजूला?" आणि मी त्याला काय उत्तर दिलं सांगू? मी म्हणाले, "नको, चल. क्रीम उतरेल."

पोटच्या पोराच्या जागेवर मी हे म्हणाले.

पुढे कल्याण-शीळ रस्त्याला लागल्यावर मला रडू आवरेना. दोन्ही हात खोक्याला, सोडता येईनात, सोडले तर केक कलंडणार. नाक वाहतंय, डोळे वाहतायत, पुसता येत नाही. त्या मुलाने काय केलं असेल? पुढच्या सिग्नलला त्याने खिशातला लग्नातला नवा रुमाल काढला आणि माझं तोंड पुसलं. लहान पोराचं पुसतात तसं, नाकसुद्धा. सिग्नल सुटला तशी गाडी पुढे घेतली.

यानंतर मी त्याच्यावर राग कसा धरू, तुम्हीच सांगा.

हॉल लहानसा, वर पंखे, खुर्च्यांना गुलाबी कापडं. केक एका बाजूने थोडा खचलेला, तिथे मी फुलं जास्त लावली. विमलताईंनी शेवंतीचे देठ चांदीच्या कागदात गुंडाळून ठेवलेले. तीन मजले एकावर एक चढवले आणि मी मागे सरकून पाहिलं. अहो, सुंदर झालेला. मी स्वतःचं कौतुक करत नाही, पण सुंदर झालेला. ऐश्वर्या मोरपंखी साडीत बाहेर आली, केकसमोर थांबली आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले. लोक मोबाइल काढून फोटो घ्यायला लागले. फोटोतल्या त्या केकपेक्षा हा चांगला होता, कारण याला निशिगंधाचा वास होता.

रत्नदीपची एक मावशी माझ्याशेजारी उभी होती. म्हणाली, "काय मस्त केक आहे. तुम्ही मुलीच्या कोण?"

मी म्हणाले, "केक मी केलाय." ती म्हणाली, "अच्छा, तुमची ऑर्डर आहे का. नंबर द्या ना." मी नंबर दिला.

ते केक कापत होते तेव्हा मी आत स्वयंपाकघरात चौकोनी केकचे तुकडे करत होते. टाळ्या ऐकू आल्या. थोड्या वेळाने दार लोटून ऐश्वर्या आत आली. एकटीच. हातात टिश्यूवर केकचा तुकडा. तिने तो माझ्या तोंडाशी आणला. मी खाल्ला. मग ती तिथेच, त्या ओल्या ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, मी खूश आहे हो," ती म्हणाली. असं म्हणाली जसं काही चोरी पकडली गेलीय. "खरंच खूश आहे. मला त्याची भीती वाटते."

मी म्हटलं, "अस की खूश. त्यात भ्यायचं काय."

"बाबा नाही आले."

"नाही आले."

"रागावलेत?"

"तुझ्यावर नाही," मी म्हणाले. तुमच्या वतीने बोलले. चूक की बरोबर, ते तुम्ही बघा.

मग मी तिला जे सांगायचं ठरवून गेले होते ते सांगितलं. सलिल गेल्यापासून दर रविवारी सकाळी ती मला फोन करते. तुम्ही तेव्हा बाजारात असता. आम्ही काही विशेष बोलत नाही, भाजी काय, पाय कसे आहेत. पण मधेच ती म्हणायची, आई, आज असं झालं, सलिल असता तर काय म्हणाला असता? आणि मी त्याच्या आवाजात सांगायचे काय म्हणाला असता, आणि आम्ही दोघी हसायचो. मी म्हणाले, "आता रविवारचा फोन करत जाऊ नकोस. नवं घर आहे. सकाळी सकाळी त्या घरात बसून तू सलिलचं बोलायचं, हे बरं नाही. तो मुलगा काही म्हणणार नाही, पण त्याला ते दर रविवारी गिळावं लागेल."

ती म्हणाली, "तुम्हाला नकोय का माझा फोन?"

"हवाच आहे गं," मी म्हणाले. "म्हणून तर सांगतेय."

तिने वाकून नमस्कार केला, डोळे पुसले, पदर सारखा केला आणि बाहेर गेली. मी उरलेले तुकडे केले. लोकांनी दोन-दोनदा मागून नेले. खालचे दोन मजले थर्माकोलचे आहेत हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही.

काल रविवार होता. फोन आला नाही. शहाणी मुलगी आहे, सांगितलेलं ऐकते. मी सकाळभर फोन ओट्यावर ठेवून बसले होते.

आता या घरात, या गावात, सलिलला आतून ओळखणारं माझ्याशी बोलायला कोणी उरलं नाही. शेजारी चांगले आहेत, पण त्यांना तो जिन्यात भेटणारा मुलगा. काल दुपारी बसल्या बसल्या मला आठवायला लागलं, तो तिसरीत असताना झोपाळ्यावरून पडला आणि भुवईला टाके घातले. ती खूण कोणत्या भुवईवर होती? डाव्या की उजव्या? मला आठवेना. कपाटात फोटो आहेत, उठून बघता आलं असतं. पण मला बघायचं नव्हतं हो. मला कोणाला तरी विचारायचं होतं. कोणी तरी म्हणायला हवं होतं, अगं, उजव्या, तू रडत होतीस आणि मी त्याला धरून बसलो होतो. एकटीने त्याची आठवण पुरी होत नाही. अर्धी तुमच्याकडे आहे, ती घेऊन तुम्ही तिकडे बसलायत.

मी तुम्हाला ऐश्वर्यासाठी बोलावत नाही. तिचं झालं. माफ करा, नका करू, तो तुमचा प्रश्न.

पण तेवढी भुवई कोणती, ते सांगायला घरी या. फोनवर सांगू नका.

तुमची,
हेमा